कोल्हिणीची अंडी

९ जानेवारी

तिसरी कोंबडी अंजिराखाली मिळाली— अर्धीच. पिसं थेट कुंपणापर्यंत गेलेली. मी वाकून ती पोत्यात भरत होते, तेवढ्यात अमारो दारात आला. अंगात ताप, पायांत नुसते मोजे.

"किती नेल्या?"

तीन, म्हटलं.

"म्हणजे आठ उरल्या." त्यानं दाराची चौकट धरली. "एक दिवस आजारी पडलो, तर एका दिवसात."

ऑक्टोबरपासून तो रोज पहाटे खुराड्याशेजारच्या बाकावर बसतो. तिन्हीसांजेला पुन्हा. मांडीवर बंदूक. आज पहिल्यांदा चुकलं.

१० जानेवारी

ताप आहे तसाच. तरी जाऊन बसला.

१२ जानेवारी

अमारो, माझा भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. या डोंगरात त्याच्याइतक्या कोल्हिणी कोणी मारल्या नसतील. (नर की मादी कोण बघतं. आमच्याकडे सगळ्या कोल्हिणीच.) मी आठ-नऊ वर्षांची असताना तो मेलेली कोल्हीण काठीला बांधून खांद्यावर घ्यायचा आणि दारोदार न्यायचा. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं— "कोल्हीण मेली." मग घरातली बाई अंडी आणून द्यायची. मारणाऱ्याचा तो मान. टोपली धरायला मी मागे.

तेव्हा वाडीत सोळा घरं होती. आता चार चुली पेटतात, त्यातली एक आमची.

१३ जानेवारी

अमारोला दिसत नाही. किती दिसत नाही ते मला माहीत नाही, आणि तो सांगणार नाही. पेल्यात बोट घालून वाइन ओततो. आज सकाळी खुंटीवरच्या माझ्या कोटाला म्हणाला, "उठलीस?" मी चुलीपाशी होते. तिथूनच "हो" म्हटलं.

दुपारी ठाण्यावरून सार्जंट आला. डॉक्टरचा दाखला, नाहीतर महिनाअखेर बंदूक जमा करायची. टोपी हातात धरून उभा होता.

"अमारोकाका, माझ्या हातात असतं तर—"

"तुझ्या हातात टोपी आहे. ती घाल डोक्यावर, गारठा आहे."

तो गेल्यावर मला म्हणाला, "एक कोल्हीण पडू दे. मग खुशाल नेऊ देत."

१६ जानेवारी

शेजारची बेनिग्ना रोज पहाटे कुंपणाच्या भगदाडातून वाकून येते, दुधाचं भांडं घेऊन. अंगावर तांबूस शाल. आज तिला सांगितलं, काही दिवस रस्त्यानं ये.

"का गं? तुझा भाऊ मला कोल्हीण समजेल म्हणून?"

"त्याला नीट दिसत नाही, बेनिग्ना."

"चाळीस वर्षांपूर्वी समजला असता तर माझं भलं झालं असतं." आणि हसत बसली. मला हसू आलं नाही.

कोंबड्या गेल्या तर गेल्या. मी पहाटे अंथरुणात पडून बंदुकीचा आवाज होईल म्हणून ऐकत असते, आणि त्यानंतर कुणाची किंकाळी येते का, तेही.

१७ जानेवारी

कोंबड्या पुन्हा अंडी देऊ लागल्या. आज दोन.

२० जानेवारी

खालच्या गावी जाऊन एलादिओला भेटले. चार वर्षं माझ्या वर्गात होता. भागाकार कधी जमला नाही. नेम मात्र चांगला आहे म्हणतात.

त्याला सांगितलं: पहाटे आमच्या दगडी कुंपणाआड येऊन बस. कोल्हीण आली की मार. अमारोला कळता कामा नये. तोही त्याच वेळी झाडेल, त्याला वाटेल त्याचीच लागली. मग एकदा तो वाडीभर फिरेल आणि बंदूक देऊन टाकेल. कुणाला इजा व्हायच्या आत.

"आणि काकांनी नाही झाडली तर?"

"झाडेल. तिचा आवाज ऐकला तरी झाडेल."

"म्हणजे मी खोटं बोलायचं."

"बोलायचं काहीच नाही. गप्प राहायचं."

"बाई, वर्गात तुम्ही त्यालाच खोटं म्हणायचात."

त्याच्या बायकोनं मला चेस्टनट भाजून दिले. एलादिओ हो म्हणाला, पण माझ्याकडे बघून नाही.

२४ जानेवारी

तीन पहाटा गेल्या. कोल्हीण नाही. एलादिओ कुडकुडत परत जातो. आज वाटेत गाठून म्हणाला, "काकांना बाकावरून हलवा, बाई. वारा त्यांच्याकडून वाहतो. माणसाचा वास असेपर्यंत ती यायची नाही. गोठ्यात बसवा, खिडकीआड."

२५ जानेवारी

अमारोला म्हटलं, गोठ्यात बस. उबेला.

"बाकावर बरं आहे."

"तुझा खोकला किती वाढलाय ते मला विचार. रात्रभर ऐकते."

"बाकावर बरं आहे, डेल्फिना."

मी बोलतच राहिले. खोकला, गारठा, वय. तीस वर्षं मुलांशी बोलले, मला थांबता येत नाही. शेवटी त्यानं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "तुला मी गोठ्यातच बसायला हवा आहे?"

"हो."

"बरं."

२७ जानेवारी

आज सव्वासातला. दोन बार, एकामागोमाग एक.

मी स्वयंपाकघरात होते. किंकाळी नाही. बाहेर आले तेव्हा कोल्हीण पाण्याच्या कुंडीजवळ आडवी. एलादिओची पाठ कुंपणाआड दिसेनाशी होत होती. अमारो गोठ्यातून भिंतीला हात लावत आला.

"पडली?"

"पडली."

खाली बसून त्यानं तिला हातांनी पाहिलं. कान, पाठ, पोट. जखमेपाशी हात थांबला. हाडं लागत होती तिची. उपाशीच होती.

"चांगला बार," म्हणाला.

मी म्हटलं, "तुझ्यासारखा कोणी नाही." हे मी का म्हटलं ते कळत नाही. गरज नव्हती.

२८ जानेवारी

आज दुपारी फिरलो. कोल्हीण काठीला, काठी त्याच्या खांद्यावर, दुसरा हात माझ्या खांद्यावर. टोपली माझ्याकडे. मी बासष्ट वर्षांची आहे.

मला वाटलं होतं तीन दारं. तो प्रत्येक दारात थांबला. लोहाराच्या घराला सत्तावीस वर्षं कुलूप आहे. तिथेही. "कोल्हीण मेली," म्हणाला, आणि घरातल्या बाईला आतून अंडी आणायला जेवढा वेळ लागेल तेवढा उभा राहिला.

"अमारो, ही माणसं बुएनोस आयर्सला गेली."

"माहीत आहे. त्यांच्याही कोंबड्या होत्या."

बारा बंद दारं. बाराही ठिकाणी मी टोपली धरून उभी राहिले.

बेनिग्नानं चार अंडी दिली, होती तेवढी सगळी. "कोल्हिणीचं ठीक आहे," म्हणाली, "पण हा म्हातारा अजून सरळ चालतो याची दोन जास्त." पोर्तेला बहिणींनी सहा. कामिलो अंथरुणावर असतो, त्यानं खिडकीतून एक दिलं. "कोंबडी एक, म्हणून अंडं एक. काय नेम रे तुझा, अमारो, या वयात."

"नेम चांगला होता," अमारो म्हणाला.

कुठेही "मी मारली" म्हणाला नाही. हे मला आत्ता, लिहिताना लक्षात येतंय.

घरी येऊन अंडी चाचपून मोजली. अकरा. कोल्हीण अंजिराखाली पुरली. जेवण नीट झालं त्याचं. मी बऱ्याच दिवसांनी दिवा लवकर मालवते आहे.

२९ जानेवारी

सकाळी अमारो घरात नव्हता. टोपली नव्हती, बंदूकही नव्हती. खालच्या वाटेवर बर्फ धरलेलं. बेनिग्नाला हाका मारल्या, दोघी धावलो.

साडेदहाला एलादिओचा ट्रॅक्टर वर येताना दिसला. अमारो शेजारी बसलेला. उतरून सरळ आत गेला, बूट काढून पडून राहिला.

एलादिओनं सांगितलं. उजाडता उजाडता काका दारात आले, गुडघे फुटलेले, अंडी एकही फुटलेलं नाही. टोपली टेबलावर ठेवून म्हणाले, "तुझी आहेत. तुझ्या बंदुकीचा आवाज ओळखतो मी." मग म्हणाले, ठाण्यावर घेऊन चल.

"परवाचे दोन्ही बार माझेच होते, बाई. पहिला चुकला. काकांनी झाडलीच नाही."

ठाण्यावर सार्जंटनं बंदूक उघडून पाहिली. रिकामी. नळ्या आतून गंजलेल्या. म्हणाला, ही कमीत कमी वर्षभर भरलेली नाही. मग इतके महिने थंडीत कशाला बसायचात, काका?

अमारो म्हणाला, कोल्हिणीला माझा वास पुरत होता. बंदूक बहिणीसाठी होती, तिला निवांत झोप लागावी म्हणून.