तीन वर्षांची वॉरंटी

पंचवटी, नाशिक
१७ ऑगस्ट

प्रिय योगेश,

हार्ड ड्राइव्ह आणली. तू दोन आणायला सांगितल्या होत्यास, एक घरात ठेवायला आणि एक तुझ्या त्या पुण्याच्या गृहस्थांना पाठवायला. मी एकच आणली. त्याचं कारण फोनवर सांगायला घेतलं असतं तर तुझी मीटिंग सुरू झाली असती, म्हणून लिहिते आहे.

आधी दुकानाचं सांगते. कॉलेज रोडला ललित नावाच्या माणसाचं दुकान आहे. त्याने दोन ड्राइव्ह काउंटरवर ठेवल्या. एकीत तबकडी फिरते, जागा भरपूर आणि स्वस्त, पण हातातून पडली की संपली. दुसरी एसएसडी, काडेपेटीएवढी, पडली तरी चालते, पण वर्षानुवर्षं कपाटात नुसती पडून राहिली तर आतलं पुसलं जाऊ शकतं म्हणे. त्याने विचारलं, किती वर्षं ठेवायचंय? मी म्हटलं, आजवर दीडशे झाली. तो हसायला लागला. "ताई, वॉरंटी तीन वर्षांची आहे."

मग असा कसला डेटा, म्हणून विचारलं. आपलं घर उपाध्यायांचं, लोक रामकुंडावर विधीला येतात आणि कोण गेलं, कोण आलं, मुलं-नातवंडं कोण, हे आपल्या वह्यांत स्वतःच्या हाताने लिहून जातात, हे मी सांगितलं. बेचाळीस वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून लॅपटॉप भरलाय, तेही सांगितलं. तो म्हणाला, आम्ही मूळचे वणीचे, आजोबा पुंजा. वणीचे यजमान आपल्याकडेच. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी तो घरी आला. बासष्ट सालच्या वहीत सापडले. पुंजाने वडिलांसाठी लिहिलेल्या तीन वाकड्या ओळी आणि खाली आई भागीबाईचा अंगठा. त्याने पानाला हात लावला नाही, नुसता बघत बसला. शेवटी विचारलं, फोटो काढू का? मी म्हटलं, काढ की, तुझंच आहे ते.

तुझ्या गृहस्थांनी नेमकी हीच पानं काढून टाकायला सांगितली आहेत. त्यांची मेल माझ्याकडे आहे. ज्या पानावर मोबाइल नंबर नाही ते नको, उगाच जागा खातं. त्यांना हवीत साठीच्या पुढची, जिवंत आणि मुलगा परदेशात असलेली माणसं. तू मला म्हणाला होतास, तिथीची आठवण करून देणारी सेवा आहे, बिचाऱ्या यजमानांची सोय होईल. मी विश्वास ठेवला, कारण तू इतक्या दिवसांनी घरातल्या कशात तरी रस घेत होतास. एक्सेलमध्ये 'मुलगा परदेशात' हा रकाना मीच केला. मार्चमध्ये दोनशे नावांचा नमुना पाठवला तोही मीच. आता ती फाइल उघडली की स्वतःच्या बोटांची किळस येते.

कारण सांगते. बाबांचा मोबाइल मी अजून रोज चार्ज करते, जुने यजमान फोन करतात म्हणून. बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी हॅलो म्हणायच्या आत एक मुलगी साखरेसारख्या आवाजात सुरू झाली. "काका, मुलगा बाहेर असतो ना तुमचा? मग शेवटच्या विधींची अजिबात काळजी करू नका. पॅकेजमध्ये सगळं येतं, मुलाला घरबसल्या लाइव्ह दिसतं." नंबर कुठून मिळाला विचारलं तर तिने फोन ठेवला. मी नमुना उघडला. एकशे त्रेचाळिसावी ओळ आपल्या घराची. बाबांचं नाव, वय एक्क्याऐंशी, मुलगा परदेशात, हो. मीच टाइप केलेलं. त्या दिवशी मला ताटावर बसवेना.

त्या मुलीचा राग मला फारसा आला नाही. तिला बिचारीला कागद वाचायला दिला होता. ती जे विकत होती ते तू आधीच घेतलेलं होतंस, एवढंच मनात आलं. तुला विधी दाखवायला घाटावर फोन धरून मीच तर उभी होते.

तेव्हा एकच ड्राइव्ह. तबकडीवालीच घेतली, पासवर्ड घातला. दर वर्षी बाहेर काढून बघायची आणि तीन वर्षांनी नव्या ड्राइव्हवर उतरवायची, असं ललितने बजावलं आहे. नंबरांची यादी लॅपटॉपवरून पुसली. पुण्याला कळवलं की काही मिळणार नाही. ते आता तुला फोन करतील, शब्द तू दिला होतास, मोडायचाही तूच.

आणि खरं ज्याच्यासाठी लिहायला बसले ते आता. आपल्या घरची पानं चौदाव्या वहीत आहेत. आजोबा गेले तेव्हा बाबांनी लिहिलं आणि खाली तुझ्याकडून नाव लिहून घेतलं. तू तिसरीत होतास, शेवटची अक्षरं पानाच्या कडेपर्यंत घसरली आहेत. त्याखालची ओळ दीड महिना कोरी आहे. धाकटे काका म्हणाले, मीने, तूच लिही, हल्ली मुली लिहितात. मी दोनदा पेन उघडलं आणि मिटलं. म्हणून त्या पानाचा फोटो मी काढलेला नाही. ड्राइव्हवर सगळ्यांची घरं आहेत, आपलं नाही. सर्वपित्रीपर्यंत थांबते. आलास तर तुझ्या हाताने लिही. नाही आलास तर मी लिहीन. आणि कोण आलं होतं, तिथे जे खरं आहे तेच लिहीन.

तुझीच,
मीनाताई