चौकटीभोवतीच्या फटी

वालूर, कार्तिक वद्य पंचमी, फसली १३५४

प्रिय बायना,

आपला शेजारी माणिकराव सोनपेठच्या बाजारात तुला भेटला. तुला सहावा महिना लागलाय आणि बाळंतपणाला तू सासरीच राहणार, हे त्याच्याकडून कळलं. तुझी आई उठून भाकरी थापायला बसली.

इकडे ज्वारी गुडघ्याच्या वर आली आहे. कपिलेला कालवड झाली. मी मात्र महिनाभर शेताकडे कमीच फिरकलो. परसातल्या विटांच्या खोलीला लागलो होतो. दाराच्या चौकटीभोवती बोट जाईल एवढ्या फटी होत्या, तुला ठाऊकच आहे. आधी चिखलात भुसा कालवून भरला; वाळल्यावर सगळा सुटून आला. मग सेलूहून किशनराव गवंडी आणला. त्यानं हलणारी चौकट पाचरी ठोकून घट्ट बसवली, जुनी माती खरवडून काढली आणि म्हणाला, "मुंजाजी, कोरड्या विटेला चुना धरत न्हाई. आधी तिला पाणी पाजा." दोघांनी मिळून फटींत विटांचे तुकडे बसवले, वरून चुना दाबून भरला. तो गेल्यावर आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडत होतो.

खरं तर हे काम तीन वर्षांपूर्वीचं. त्या पौषात तू त्या खोलीत बाळंतीण होतीस आणि आई रोज म्हणायची, "फटी बुजवा, लय गार वारं यायलंय." मी पोतं लावलं आणि उद्या बुजवतो म्हणालो. तुझी लेक नऊ दिवसांची होऊन गेली. पोर मुळातच अशक्त होती, असं वैद्य म्हणाले. तू मला कधी बोल लावला नाहीस. नुसतं माहेरी येणं सोडलंस. मीही तो विषय कधी काढला नाही. आज लिहितो. चूक माझी होती, पोरी.

तेव्हापासून आईनं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. काल उत्तरेचा वारा सुटला होता. ती आपणहून आत गेली, दार लावून चौकटीला पाठ टेकून बराच वेळ बसली. बाहेर येऊन म्हणाली, "आत वारं न्हाई. लिवा तिला."

म्हणून हे पत्र. यावंसं वाटलं तर जावईबापूंच्या हाती निरोप धाड. गाडीत गादी घालून मी स्वतः न्यायला येतो. मन होत नसेल तर तुझ्या आईला तिकडे आणून सोडतो, मीही जवळच कुठं तरी राहीन. कुठंही बाळंत हो. या खेपेला आम्ही दोघं तुझ्यापाशी असू.

तुझाच,
आबा