आतली कडी

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमचा आवाज आठवावा लागतो. काल इथे गडचिरोलीत ट्रेनिंगच्या मुलींसमोर बोलून घरी आले, आणि जे तुमच्याजवळ बोलायचं राहिलं ते लिहायला बसले.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, ते वर्ष. चांद्याच्या अध्यापिका शाळेत मी पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातून आलेली, सातवीची फायनल पास झालेली आमच्या गावची पहिली मुलगी. तुम्ही गणित शिकवायच्या आणि वसतिगृहही तुमच्याकडेच होतं. संस्थेचे सेक्रेटरी वकील होते. खादीचे कपडे, गोड बोलणं, गावात मोठा मान. आमचे सरावाचे पाठ बघायला ते मागच्या बाकावर येऊन बसत. एका दुपारी माझा भूगोलाचा पाठ होता. ते म्हणाले, चल, चांगला नकाशा काढून देतो. नकाशांच्या खोलीत मी पुढे गेले, ते मागून आले, आणि आतली कडी लागल्याचा आवाज झाला. पुढचं मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं. आता पुन्हा लिहीत नाही.

त्या दिवशी मी पाठ दिला, बाई. वैनगंगा कुठून कुठे जाते ते मुलांना दाखवलं. नंतर विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेत राहिले. मैत्रिणीने हाताला धरून वसतिगृहात आणलं. तुम्ही स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या आहात. तुम्ही वर बघता, सूप बाजूला सारता, मैत्रिणीला बाहेर पाठवता आणि मला विचारता, "दार लावू का उघडं ठेवू?"

"उघडं," मी म्हणते.

माझं सांगून होईपर्यंत तुम्ही एकदाही मधे बोलल्या नाहीत. मग म्हणालात, "तुझं काई चुकलं नाई. हे पहिले ऐकून घे. बाकीचं मंग."

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे तुम्ही मला नेलंत. तपासताना पडद्याच्या आत उभ्या राहिलात, कारण मी तुमचा पदर सोडत नव्हते. बाहेर कडुनिंबाखाली बसून तुम्ही म्हणालात, "ठाण्यात जायचं तर मी हाय. नाई जायचं तरी मी हाय. आता नको सांगू. भात खा, झोप, मंग सांग." दुसऱ्या दिवशी मी जायचं म्हटलं.

फौजदार खुर्चीत रेलून बसलेला. माझ्याकडे न बघता तुम्हालाच विचारत होता, "पोरगी ओरडली काऊन नाई? बाजूच्या वर्गात मास्तरीण होती ना?"

तुम्ही म्हणालात, "साहेब, वाघ अंगावर आला तर माणसाची वाचा बसते, हे या जिल्ह्यात तुमाले सांगावं लागते का?"

तो हसला. "बाई, वकीलसाहब बडे आदमी हायेत. उद्या तुमची शाळाच बंद पडन. पोरीचं लग्न व्हायचं हाय अजून. घरी न्या तिले." त्याने काही लिहून घेतलं नाही. तुम्ही तिथून हलायला तयार नव्हतात, शेवटी शिपायाने आपण बसलेलं बाकच उचलून आत नेलं. परतताना बाजारातून आलो. तुम्ही माझा हात सोडला नाहीत.

संस्थेच्या मंडळाने बाबांना बोलावलं. मुलीचं नाव कमी करतो, गाजावाजा न करता घेऊन जा, असं त्यांना सांगितलं. बाबा धानाची कापणी सोडून आले होते. व्हरांड्यात पागोटं मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, आता हे मला घेऊन जाणार आणि घरी कोणी माझ्याशी बोलणार नाही. मग ते म्हणाले, "तुले शिकाचं हाय का अजून?" मी मान हलवली. ते उठले आणि तुम्हाला म्हणाले, "बाई, माही पोरगी इथीच राह्यते. कोनी हात धरून काढलं तर मले निरोप धाडा." आणि गेले. त्यानंतर मरेपर्यंत बाबांनी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. पण दर सुट्टीत मला न्यायला आणि पोचवायला स्वतः येत राहिले.

मग मुलींनी ते केलं, जे तुम्ही सांगितलं नव्हतं. सेक्रेटरी पाठ बघायला आले, तेव्हा फळ्याजवळची मुलगी खडू खाली ठेवून गप्प उभी राहिली. दुसऱ्या वर्गात गेले, तिथेही तेच. सिरोंच्याची ती तेलुगू बोलणारी मुलगी, जिला मराठी धड येत नव्हती आणि जी सगळ्यांना घाबरायची, तीही खडू ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी येणं बंद केलं. माझं नाव कमी झालं नाही. तुमचं झालं. वसतिगृहात शिस्त नाही, असं कारण दिलं.

जाण्याआधी तुम्ही सुताराला बोलावून नकाशांच्या खोलीची आतली कडी काढायला लावलीत. मग सामानाच्या खोलीची, मग पेटी वाजवायच्या खोलीची. शिवाय कोणीही एकटीने वर्गाबाहेर जायचं नाही, कुठेही दोघींनी जायचं, असं सांगितलंत. मला संताप आला. मी म्हणाले, "बाई, तो मोकळा फिरून राह्यला अन् बांधून आमाले ठेवता?" तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "खरं हाय तुझं. पन माह्या हातात आज कडीच हाय, तो नाई."

रागावलात ते नंतर, टांग्यात सामान चढवताना. मी रडत म्हटलं, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत. "त्यानं घालवली. मी तुले गनित शिकवलं ना? मंग त्याचा आकडा सोताच्या नावावर काऊन मांडते?" आणि तुमची वापरलेली निळ्या काठांची चादर माझ्या हातात दिलीत. परीक्षेच्या दिवसांत तीच अंथरून निजायचे मी.

तुम्ही नागभीडला बहिणीकडे राहिलात, शिकवण्या केल्या, तापाने गेलात. मला कळलं तेव्हा मी नोकरीवर होते आणि तुमचं दहावं-तेरावं सगळं होऊन गेलं होतं. सेक्रेटरी मात्र म्हातारे होऊन, हारतुरे घेऊन, आपल्या बिछान्यात गेले. त्यांच्या शोकसभेला त्या शाळेच्या मुली रांगेने नेल्या होत्या, असं ऐकलं. तुमच्यासाठी कुठे काही झालं नाही. हे तुम्हाला सांगून काय उपयोग, पण सांगते.

पुढे मीच अध्यापिका शाळेत शिकवायला लागले. मुलींना दरवर्षी ही हकीकत सांगते. कोणी अंगचटीला आलं तर कोणाकडे जायचं, एखादी सांगायला आली तर तिला आधी काय विचारायचं, काय विचारायचं नाही. निवृत्त झाले तरी बोलावतात. कालही सांगितली. नेहमीसारखीच, माझ्या एका मैत्रिणीची म्हणून.

काल मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ती तुमची मैत्रीण आता कुठी राह्यते?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं. बरेच दिवस भेट नाही."