फाटकापासून गॅरेजपर्यंत

दादा,

लहानपणी आपल्या गल्लीत डांबर टाकणारी एक बाई मला म्हणाली होती, "पोरी, रस्ता वरून नाही मरत, पोटातून मरतो." आज कंत्राटदार येऊन गेला आणि तिचा आवाज पुन्हा कानात घुमला.

फाटकापासून गॅरेजपर्यंतचं डांबर नवं करायला एवढा खर्च का, असं मी त्याला खोदून खोदून विचारलं. उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने पहारच मारली. ती हातभर आत गेली की रे! "ताई, डांबर म्हणजे नुसती वरची साय. पैसे जातात ते खाली. जुनं उखडा, चिखल उपसा, खडी भरा, रोलर फिरवा." मी वाकून त्या भोकात बघतच राहिले.

खड्ड्यावर तू लावलेलं डांबराचं ठिगळ बघून तो गालातल्या गालात हसला. "गाडीच्या चाकाने दाबलंय वाटतं?" मी म्हटलं, "हसू नका, आमच्या दादाचा अख्खा रविवार गेलाय त्यात."

तो चारला परत येईल. पुन्हा ठिगळच लावू म्हणू नकोस, त्याला होकार दे. मी आईच्या हाताचं प्लास्टर काढायला तिला घेऊन जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

आणि ऐक. आईने शपथ घातली म्हणून महिनाभर गप्प होते. ती बाथरूममध्ये घसरली नव्हती. तुझ्या ठिगळाची कड उचकटली होती, तिथे तिची चप्पल अडकली. "त्याला सांगू नकोस गं," म्हणाली, "किती हौसेने केलंय त्याने."