जानेफळमार्गे लंडन

ता. ६ नोव्हें. ३३, मेहकर
जावईबापूंची चिठ्ठी आली. बारिस्टर व्हायला लंडनला गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मालू माझ्याकडे. नवऱ्याने बायकोला थेट लिहायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. पत्र जानेफळला व्याह्यांच्या नावे येतं, ते पाकीट फोडतात आणि आतला मालूचा कागद तेवढा इकडे धाडतात. वरची तारीख २५ आक्टो. म्हणजे बारा दिवस. विमानाला बारा दिवस?

ता. ७
शाळेतल्या नकाशावर दोरा लावला. विमानाची डाक कराचीला उतरते. लंडन ते कराची अदमासे चार हजार मैल. ताशी शंभर धरले तर चाळीस तास, दोन दिवस म्हणा. पुढे आगगाडी-मोटारीचे तीन. झाले पाच. उरलेले सात दिवस पत्र कुठे असतं? व्याही दाबून ठेवतात, दुसरं काय. इतकं गोड बोलणारा माणूस, मला पहिल्यापासूनच...

ता. १२, रवि.
जानेफळला जाऊन आलो. पाच दिवसांचा हिशेब तोंडावर ऐकवला. व्याही रागावले नाहीत, चहा पाजला. म्हणाले, "तुमी मास्तर मानूस. पाच म्हनता तं पाचच असतीन. लिहितो मी त्याले." जुनी पाकिटं पाहायला मागितली. चुलीत गेली म्हणे.

ता. १५
फजिती. पोष्टातले रहीमभाई पोट धरून हसले. विमान रात्रीचं उडत नाही. रोज संध्याकाळी कुठेतरी उतरतं, उतारू जेवून झोपतात, सकाळी पुन्हा. कराचीलाच आठवडा लागतो. "मास्तर, तुमच्या दोऱ्याले झोप लागत नाही, मानसाले लागते." पुढचे तीन, वर जानेफळचा फेरा, म्हणजे बारा दिवस ठीकच होते. भल्या माणसावर उगाच आळ घेतला. माफीचं पत्र लिहायला बसलो, लिहवेना.

ता. ९ डिसें.
नवी चिठ्ठी. अक्षर जावईबापूंचंच. तारीख ४ डिसें. बोटांवर दोनदा मोजलं. पाच दिवस. हे कोणत्याही विमानाला जमणार नाही. तो चुकीचा आकडा मी जानेफळलाच सांगून आलो होतो, आणि पत्र त्या आकड्याला बरोब्बर जुळवून आलं. बरं झालं माफी मागितली नाही. लंडन कसलं न् बारिस्टरी कसली. मग जावई आहे कुठे? कोणाबरोबर? पोरीला सांगावं तर

ता. १०
सांगितलं. रडेल वाटलं होतं. चिठ्ठीची घडी घातली, पेटीत ठेवली. म्हणाली, "लंडनात नसले तं जवळच असतीन ना, बाबा. मले जानेफळले पोचवून द्या. पुढचं पाकीट मीच फोडीन." मला राग आला होता, तिला आशा वाटली. मला फार भीती वाटते आहे.

ता. १२
पोचवून आलो. मालूला दारात पाहून व्याह्यांचा चेहरा पडला, मग "ये पोरी" म्हणाले. निघताना मी तिला म्हटलं, दुसऱ्या दिवशीच खुशाली लिही. तिच्या आधी व्याहीच बोलले, "तिनं कायले तरास घ्यावा? माह्या पाकिटात घालून धाडतो ना मी." ती माझ्याकडे पाहत होती. मोटार सुटायची वेळ झाली होती. निघालो.

ता. १६
मेहकर-जानेफळ, मोटारीने तासाभराची वाट. आज चौथा दिवस. रहीमभाईंनी लांबूनच मान हलवली. काही आलं नाही.