बाबांच्या कानावरचा चोथा

९ मार्च
कॉलेज सोडून वर्ष झालं, तरी वैष्णवी दिसली की हातातलं काम तसंच राहतं. आज जेटीवर आलेली. तिचा प्रोजेक्ट: उन्हात राबणारे किती चहा पितात. सोबत ओंकार, तिच्या वर्गातला, पुण्याचा. मासळीच्या पाण्यातून पांढरे बूट घालून. घसरला नाही, माझं नशीब.
ती म्हणाली, चहातल्या कॅफीनमुळे उन्हाने बिघडलेल्या पेशी मरतात म्हणे, कातडीचा कॅन्सर टळू शकतो. बोलत माझ्याशी होती. लिहून तो घेत होता. च्यायला.

११ मार्च
परत आले दोघं. बाबा जाळं शिवत बसलेले. कानावरची खपली कधीची बरी होत नाही. ओंकार वाकून बघतो, "काका, डॉक्टरला दाखवा हे." काका? तुझे कोण रे? म्हटलं, आमचं आम्ही बघू. वै. चिडली. माझ्यावर!

१२ मार्च
कान मीच बरा करणार. आईने चहा गाळला की चोथा फडक्यात बांधून बाबांच्या कानाला.
बाबा ओरडले, "चहा प्यायचा की कानाला लावायचा रे मेल्या? मुंग्या लागल्या!"
साखर. उद्यापासून बिनसाखरेचा उकळायचा. खपली गेली की फोटो थेट वै. ला. मग तो पुण्याचा...

२० मार्च
खपली निघाली. खाली लाल. बरं होतंय बहुतेक.
वै. चं स्टेटस: लॅबमध्ये ती, तो आणि चहाचा कप. एकच कप. दुसरा फोटोत आला नसेल.

२५ मार्च
बाबांची उशी रक्ताने भरली. घाबरून वै. ला फोटो पाठवला. लगेच फोन. "चोथा? अरे, टळू शकतो म्हटलं, बरा होतो कधी म्हटलं? तेही उंदरांवर दिसलंय!" मागून त्याचा आवाज, "आजच न्यायला सांग." एवढ्या सकाळी तो तिथे कसा?

२६ मार्च
काल सरकारी हॉस्पिटल. वै. आली, सोबत ओंकारही. कानाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर: आधी का नाही आणलंत? बाबा म्हणाले, "पोरगा औषध करीत होता." शिव्या घातल्या असत्या तर बरं.
जिना उतरताना बाबांनी ओंकारचा हात धरला. मी बाजूलाच होतो.

३ एप्रिल
रिपोर्ट उद्या. वै. ची परीक्षा, ती नाही येणार. बाबा म्हणतात, "त्या पुण्याच्या पोराला बोलाव. डॉक्टर काय बोलतात ते त्याला कळतं."
वै. कडे नंबर मागितला. तिने नुसता नंबर पाठवला.
'उद्या येशील का' इथवर लिहिलंय. पुढे प्लीज घालू की नको?