थोडंफार गोल्फ

दि. ४ जानेवारी

चि. ठमीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र कोणाला वाचून दाखवल्यास ते परत घेतले जातील.

घडले ते क्रमाने लिहितो. एक : आमच्या महाविद्यालयामागच्या पडीक जमिनीवर संस्थेने गोल्फच्या सरावाचे मैदान तयार केले आहे. दोन : विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्षांनी मला, आपणही खेळता ना, असे विचारले. तीन : तू दात उपटण्यातून वेळ काढून हा खेळ खेळतेस, करंडकही आणतेस, तेव्हा त्यातले चार शब्द मलाही माहीत आहेत, या समजुतीत मी ‘थोडंफार’ असे उत्तर दिले. चार : ज्या प्राचार्याला चुकलेला स्वल्पविराम खपत नाही तो ‘थोडंफार’ म्हणतो, म्हणजे हा निव्वळ विनय, असा अर्थ सर्वांनी लावला. पाच : फेब्रुवारीअखेर मैदानाचे उद्घाटन असून पहिला चेंडू मी मारायचा आहे.

मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. तेव्हाच तसे सांगायला हवे होते, हे मला कळते. तू कळवण्याची आवश्यकता नाही. गेल्याच सत्रात एका व्याख्यात्याने येत नसलेली भाषा अर्जात ‘येते’ म्हणून लिहिली होती. ते विधान मी त्याला सर्वांदेखत मागे घ्यायला लावले. तो पहिल्या रांगेत बसणार आहे. माझी काठी चेंडूऐवजी गवताला लागली, तर या संस्थेत पुन्हा कोणाची चूक दाखवायला मला तोंड उरणार नाही.

सबब, हा खेळ मला पत्राने शिकव. संदिग्ध शब्द टाळ.

लोभ आहेच, शिकवताना तो आटू देऊ नये.

तुझा,
दादा

दि. ११ जानेवारी

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. त्यातलं साष्टांग अगदी खरं आहे, कारण तुझं पत्र वाचून मी हसत हसत दवाखान्यातच आडवी व्हायची राहिले. खुर्चीतला पेशंट आ वासून बघत होता. अर्थात त्याला तसंही दुसरं काही करता येत नव्हतं. पत्र कोणाला दाखवलेलं नाही. आशीर्वाद शाबूत ठेव.

आता शीक. आधी पकड. डावा हात वर, उजवा त्याच्या खाली, आणि दोघांनी मिळून एकच हात असल्यासारखं वागायचं. तू लाल पेन आवळतोस तशी काठी आवळायची नाही. हातातून निसटू नये इतपतच धरायची. मग उभं राहणं. पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे किंचित सैल, आणि कमरेतून वाकायचं, खुर्चीवर बसावं की निघावं या विचारात पडलेल्या पाहुण्यासारखं. पाठीला बाक नको. काठी मागे नेताना नुसते हात उचलू नकोस, खांदे फिरव. डावा हात सरळ राहू दे. सरळ म्हणजे ताठ नव्हे. हा फरक तुला कधी समजला नाही, आता समजून घे.

खाली येताना भार डाव्या पायावर येऊ दे, म्हणजे हात आपोआप मागून येतील. चेंडू उचलायला जाऊ नकोस. काठीचं तोंड मुळातच तिरकं असतं, उचलायचं काम ते करतं. शेवटी पोट समोर, उजवी टाच वर, काठी खांद्यामागे. सात नंबरची काठी माग, लांब दांड्याच्या नादी लागू नकोस.

वहिनीला सांगितलं आहेस का? नसशील तर तिला आधीच कळलं असेल.

रागावलास तरी लोभ ठेव, मला दुसरा दादा नाही.

तुझी,
ठमी

दि. २ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद, पूर्वीच्याच अटीवर.

तुझ्या पत्रात खांदे किती अंशांत फिरवावेत याचा उल्लेख नाही. ‘किंचित’, ‘इतपत’ आणि ‘आपोआप’ या शब्दांवर कोणतेही शास्त्र उभे राहत नाही. तरीही मी नेटाने सराव केला. प्रथम बैठकीच्या खोलीत छत्रीने केला. त्यात दिव्याची काचेची टोपी फुटली. तुझ्या वहिनीने वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितले की छत्री जपून ठेवावी, उद्घाटनानंतर तोंड लपवायला लागेल. तिला कधीपासून माहीत होते, हे विचारण्याचे मी टाळले.

नंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मला कोणी ओळखत नाही, अशा सराव मैदानावर जाऊ लागलो. प्रत्येक कृती स्वतंत्रपणे निर्दोष आहे. पकड निर्दोष, उभे राहणे निर्दोष. काठी वर नेली की कोपर, मनगट व खांदा मी क्रमाने तपासतो आणि मगच खाली आणतो. चेंडू मात्र एक तर जागेवर राहतो किंवा शेजारच्या गृहस्थांच्या पायांकडे जातो. ते गृहस्थ आता माझ्यापासून दोन जागा सोडून उभे राहतात.

पाठ दुखते असे सांगून सुटका करून घ्यावी, असा विचार मनात येऊन गेला. परंतु ते दुसरे असत्य होईल आणि मला पहिलेच झेपेनासे झाले आहे. अन्नाला चव लागत नाही. ठमे, मला भीती वाटते. हे वाक्य वाचून विसरून जा.

लोभात खंड नसावा, उत्तरातही नसावा.

तुझा,
दादा

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार, आणि या वेळी न हसता.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वहिनीचंही आलं. ती एकदा तुझ्या मागोमाग मैदानावर येऊन गेली होती. तिला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने नेमकं लिहिलंय की हे काठी वर नेतात आणि प्रूफं तपासत असल्यासारखे तिथेच थांबतात.

दादा, तिथेच घोडं अडतंय. वर थांबलास की सगळा जोर मरतो, आणि मग तू घाबरून नुसत्या हातांनी हाणतोस. लहानपणी एक अक्षर चुकलं की तू आख्खं पान फाडायचास, आठवतं? इथे पान फाडता येत नाही. एकदा काठी मागे गेली की ती पुढे येऊन खांद्यामागे जाईपर्यंत मध्ये कोणी पंच नाही. चुकतोय असं वाटलं तरी चूक पूर्ण कर, अगदी रुबाबात, टाच वर करून. चेंडूला मारायला जाऊच नकोस. तुझा झोका तू पुरा घे, चेंडू त्याच्या वाटेत येईल.

आणि मनावरचं ओझं फारच झालं तर अध्यक्षांना खरं सांगून मोकळा हो. जग बुडत नाही.

तुझा लोभ माझ्यावर राहू दे, आणि थोडा स्वतःवरही.

तुझी,
ठमी

दि. १ मार्च

चि. ठमीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी बिनशर्त.

‘चेंडू त्याच्या वाटेत येईल’ इतके अशास्त्रीय विधान माझ्या वाचनात आजवर आले नव्हते. ते खरे आहे, ही गोष्ट वेगळी.

उद्घाटनाच्या सकाळी मी अध्यक्षांना गाठून, मला हा खेळ येत नाही, दीड महिन्यापासून धाकट्या बहिणीकडून पत्राने शिकतो आहे, असे स्पष्ट सांगितले. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की विनय शिकावा तर आमच्या प्राचार्यांकडून. सत्य सांगूनही ते कोणी घेत नसेल तर माणसाने काय करावे?

उभा राहिलो. गुडघे तू सांगितल्याप्रमाणे सैल सोडले. काठी मागे नेली, न थांबता पुढे आणली आणि चेंडूला स्पर्शही झाला नाही. तो टीच्या खुंटीवर जसाच्या तसा. पण तुझी आज्ञा होती म्हणून मी ती चूक पूर्ण केली : पोट समोर, टाच वर, काठी खांद्यामागे. कोणी हसले नाही. अध्यक्ष शेजाऱ्यांना सांगत होते की जाणकार आधी असाच एक सरावाचा झोका घेतात. पहिल्या रांगेतला तो व्याख्याता मान डोलावत होता.

मी पुन्हा काठी फिरवली. या वेळी हाताला काहीच जाणवले नाही, फक्त एक स्वच्छ आवाज झाला. चेंडू सरळ गेला. फार दूर नाही, परंतु सरळ. टाळ्या वाजल्या तेव्हा तुझी वहिनी पदराने डोळे टिपत होती, रडून की हसून ते तिने अद्याप सांगितलेले नाही. घरी येऊन मी दोनदा भात मागून घेतला आणि भर दुपारी असा झोपलो की संध्याकाळी उठल्यावर वार कोणता ते आठवेना.

आता मुद्दा. वार्षिक अहवालाचा मसुदा सहीसाठी आला आहे. त्यात ‘प्राचार्यांनी पहिल्याच फटक्यात चेंडू दूरवर धाडला’ असे वाक्य आहे. ‘दूरवर’ मी खोडले. ‘पहिल्याच’ या शब्दावर पेन अडले आहे. मारण्याच्या इराद्याने फिरवलेली काठी चेंडूला लागली नाही, तर खेळाच्या नियमाप्रमाणे तो फटका धरतात की नाही? धरत असतील तर तिथे ‘दुसऱ्या’ असे मी स्वहस्ते लिहीन आणि पहिल्याचे काय झाले तेही. तुझी वहिनी म्हणते, सगळे हसतील. हसू देत, काल इतका मोकळा श्वास घेतला आहे की तेवढे सहज सोसेन.

लोभ कमीजास्त करणे तुझ्या मर्जीवर. उत्तर मात्र फोनवर नको. उलट टपाली, लेखी आणि सहीनिशी हवे.

तुझा,
दादा